गोंदण, टॅटू आणि सुई धरणारा हात

आजचा विषय जाहीर झाल्यावर एकदोघांनी आम्हाला विचारलं, की भाषा-साहित्य सोडून हे टॅटूचं काय मध्येच काढलंत? त्याचं कारण एक चूक आहे, आणि ती आमचीच आहे. तिथूनच सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी आमचं व्याख्यान होतं. बोलता बोलता टॅटूचा विषय निघाला. पुढच्या रांगेतले एक निवृत्त गृहस्थ तावातावानं म्हणाले, ही सगळी परदेशी थेरं आहेत, आपल्यात असलं काही नव्हतं. आमचं उत्तर तयारच होतं. आम्ही म्हटलं, "काका, तुमच्या आईच्या हातावर गोंदण नव्हतं का हो?" टाळ्या पडल्या. काका गप्प बसले. आम्हीही खूश.

कार्यक्रम संपल्यावर एक आजी जवळ आल्या. ऐंशीच्या पुढच्या असतील. दोन्ही हातांवर, हनुवटीवर, कपाळावर गोंदण. रंग हिरवट, विटलेला. हात पुढे करून म्हणाल्या, "बाळा, तू बोललास ते समदं ब्येस. पर मला कुनी इचारलं व्हतं का? सात वर्साची व्हते मी. दोघींनी धरलं, तिसरीनं टोचलं. तीन दिस ताप व्हता अंगात." एवढं बोलून त्या निघूनही गेल्या. टाळ्या मिळवून देणारं आमचं उत्तर तिथंच बसलं.

ते उत्तर आज सगळीकडे ऐकू येतं. टॅटूला कुणी नाक मुरडलं की समोरचा म्हणतो, आपल्या आज्यापणज्या गोंदायच्याच की! नाकात रिंग घालून पोरगी घरी आली आणि आई चिडली, की पोरगी म्हणते, नथ घालतेसच ना तू? मुद्दा बिनतोड वाटतो, पण त्यात एक मोठी गफलत आहे. आजचा सगळा प्रपंच ती गफलत उलगडण्यासाठी.

आधी गोंदण म्हणजे काय, ते नीट पाहू. तीन-चार सुया एकत्र बांधायच्या, काजळीत बुडवायच्या आणि कातडीत टोचत जायचं. वर हळद. ठिपके, चंद्रकोर, तुळस, विंचू, देवाचं नाव, पुढे नवऱ्याचं नाव. गोंदणारीण जत्रेत बसायची किंवा दारावर यायची, आणि घरातल्या मोठ्या बायका पोरींना तिच्यापुढे बसवायच्या. या सगळ्यामागची समजूत तुम्ही ऐकली असेल: मेल्यावर सोनंनाणं, लुगडं, भांडी सगळं इथंच राहतं, गोंदण तेवढं बरोबर येतं. जिच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही, जिचे दागिने अडीनडीला सावकाराकडे जाणार हे ठरलेलं, तिच्या तोंडी हे वाक्य आलं की ते नुसतं अंधश्रद्धेचं राहत नाही. कुणी काढून घेऊ शकणार नाही अशी तिची एवढीच एक मिळकत. त्यामुळे गोंदण म्हणजे निव्वळ जुलूम होता, असं आम्ही म्हणणार नाही. हौसही होती. एकीनं गोंदलं म्हणून दुसरी हटून बसायची, असंही व्हायचं. पण ती हौस कशाची करायची, किती करायची, कुठल्या वयात करायची, हे त्या पोरीच्या हातात नव्हतं. आजींचं म्हणणं एवढंच होतं.

कानानाकाचंही तेच. आपल्याकडे कर्णवेध हा संस्कार. बाळाला दुपट्यात गुंडाळतात, सोनार येतो, तार आरपार जाते, बाळ टाहो फोडतं, पेढे वाटले जातात. इतकं पवित्र काम, की त्यावरून म्हण तयार झाली: सोनारानेच कान टोचावे. योग्य माणसानं सुनावलं तरच पटतं, असा त्याचा अर्थ. आता बघा, दुसऱ्यानं टोचणं, तेही अधिकारी माणसानं, हे आपल्या भाषेतच किती खोल मुरलंय!

भिकबाळी हा शब्द घ्या. आज पुण्यात मिरवणुकीत ढोल वाजवणाऱ्या पोरांच्या उजव्या कानात ती दिसते. रुबाबाची खूण. पण शब्दातच भीक आहे. मूल जगावं म्हणून भीक मागून आणलेल्या पैशातून केलेली बाळी. मुलं दगावत असलेल्या घरात नव्या पोराचं नाव भिकू, धोंडू, दगडू ठेवायचे. कुठे पोराचं नाक टोचून त्याला मुलीसारखी नथ घालायचे, की मृत्यूची नजर चुकावी. अशा पोराचा मग नथू व्हायचा. म्हणजे पुरुषाच्या अंगावरची ही भोकं सौंदर्यासाठी नव्हतीच. घाबरलेल्या आईबापांनी नियतीशी केलेला तो सौदा होता. पोराला त्यात कोण विचारणार? आणि विचारायला नको होतं असंही आम्ही म्हणत नाही. त्या आईच्या जागी आपण असतो तर आपणही तेच केलं असतं. फक्त त्याला आत्माविष्कार म्हणू नये.

आता थोडं सरकारकडे वळू, कारण सुई फक्त आजीच्या आणि सोनाराच्या हातात नव्हती. ईस्ट इंडिया कंपनीच्या राज्यात, बंगाल प्रांतात, १७९७ साली नियम झाला, की जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचं नाव, गुन्हा आणि शिक्षेचा तपशील गोंदायचा. इंग्रज अधिकारी या शिक्षेला शब्द कुठला वापरत? 'गोदना'. गावातल्या बायकांचा शब्द उचलला आणि शिक्षेला लावला. आपल्याकडे सटवाई सहाव्या दिवशी येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते म्हणतात. कंपनी सरकारनं तेवढंही दैवावर ठेवलं नाही, स्वतःच लिहायला बसलं. कैदी बिचारे फेटा कपाळावर ओढून अक्षरं झाकायचे. १८४९ मध्ये ही पद्धत बंद झाली.

बंद झाली, पण मनातून गेली नाही. १९९३ मध्ये अमृतसरमध्ये पोलिसांनी पाकीटमारीच्या संशयावरून पकडलेल्या बायकांच्या कपाळावर 'जेबकतरी' असं गोंदवलं. स्वतंत्र भारतात. खटला चालला, आणि पोलिसांना दोषी ठरवणारा निकाल आला २०१६ मध्ये. मधली तेवीस वर्षं त्या बायकांनी कशी काढली असतील, याचा विचार करा.

या संदर्भात आम्हाला पुन्हा पुन्हा आठवतो तो सिनेमा म्हणजे 'दीवार'. १९७५ चा, यश चोप्रांचा, सलीम-जावेद यांनी लिहिलेला. तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. संवाद पाठ आहेत, त्यामुळे त्यातली मुख्य गोष्ट नजरेतून निसटते. कामगार पुढारी असलेल्या बापाला मालक कोंडीत पकडतात, बायकोपोरांच्या जिवाची भीती घालून त्याची सही घेतात. कामगार चिडतात, बाप परागंदा होतो, आणि राग कुणावर निघतो? लहान पोरावर. त्याला धरून त्याच्या हातावर, बाप चोर असल्याचं गोंदून टाकतात. दोघांनी धरलं, तिसऱ्यानं टोचलं. आजींचंच वाक्य.

पुढे विजय मोठा होतो, श्रीमंत होतो. इन्स्पेक्टर झालेला भाऊ कबुलीचा कागद पुढे करून सही माग म्हणतो. तेव्हा विजय काय उत्तर देतो? आधी त्या माणसाची सही आण, ज्यानं माझ्या हातावर हे लिहिलं. आता हा प्रसंग आपण टाळ्यांच्या, शिट्ट्यांच्या आवाजात पाहिला. पण शांतपणे पाहा: बापाचं आयुष्य एका जबरदस्तीच्या सहीनं संपलं, मुलाचं एका जबरदस्तीच्या गोंदणानं वाकडं झालं, आणि आता तिसऱ्यांदा त्याच्याकडून अक्षरं मागितली जातायत. स्वतःच्या मर्जीनं स्वतःबद्दल काही लिहिण्याची संधी या घरात कुणालाच मिळत नाही. आमच्या मते अंगावरच्या अक्षरांबद्दल हिंदी सिनेमानं यापेक्षा खरं काही सांगितलेलं नाही. (तो सूडाचा सिनेमा आहे असं जे म्हणतात, त्यांनी तो पुन्हा एकदा पाहावा.)

मग आजकालची पोरंपोरी काय करतात? ती स्टुडिओत जातात, स्वतःचे पैसे देतात आणि सुई कुठे, किती, कशासाठी हे स्वतः सांगतात. आमच्या समजुतीनं घराघरातल्या भांडणाचं मूळ इथे आहे. चित्राला कुणाचाच फारसा विरोध नसतो. नाकाच्या डाव्या पाळीला भोक चालतं, भुवईला चालत नाही. आत्याबाईंनी हौसेनं टोचून आणलं तर चमकी, पोरीनं स्वतः जाऊन टोचून घेतलं की 'पिअर्सिंग'! एकच सुई, एकच सेंटीमीटरभर कातडी. बाराव्या दिवशी विचारायची गरज नव्हती, आणि बावीस वर्षांची झाली तर तिनं विचारल्याशिवाय करू नये.

पोरंही हुशार आहेत. पहिला टॅटू काढायचा तर 'आई' काढतात. किंवा त्रिशूळ, राजमुद्रा. याला कोण नाही म्हणणार? आम्ही त्याला शिफारसपत्र म्हणतो. (हशा.) हसू नका, आमच्या एका भाच्यानं हेच केलं. मनगटावर 'आई', आणि सहा महिन्यांनी दंडावर त्याला खरं काढायचं होतं ते कासव. ताई 'आई'वर इतकी विरघळली होती, की कासव खपून गेलं.

सरकारी नियमही याच चालीचे आहेत. सैन्यभरतीत कायमस्वरूपी टॅटू चालतो तो कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या पाठीवर. इतरत्र असेल तर उमेदवार बाद. मात्र आदिवासी समाजातल्या उमेदवारांना त्यांच्या प्रथेप्रमाणे सवलत आहे. ही सवलत रास्तच आहे, नसती तर मोठा अन्याय झाला असता. पण त्यातला विचार ओळखा: जमातीनं ठरवलं असेल तर क्षम्य, तू स्वतः ठरवलं असशील तर तुझी चूक.

इथे कुणी म्हणेल, की परंपरेत स्वतः सुई हातात घेणारे कुणी नव्हतेच का? होते. छत्तीसगडचे रामनामी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, १८९० च्या दशकात परशुराम नावाच्या माणसापासून हा पंथ सुरू झाला असं मानतात. अस्पृश्य ठरवलेल्या या लोकांना देवळाची पायरी चढू देत नव्हते. त्यांनी रामाचं नाव अंगावर गोंदायला सुरुवात केली. हातावर, छातीवर, चेहऱ्यावर, काहींनी तर डोक्यापासून पायापर्यंत. देवळात येऊ देत नाही? ठीक आहे, हे घे, आता काढून दाखव. गंमत अशी, की आजीच्या गोंदणाचा दाखला देणारे लोक रामनामींचा दाखला सहसा देत नाहीत. दिला तर देवळाचं दार कुणी लावलं होतं, तेही सांगावं लागेल ना.

आत्माविष्काराच्या नावाखाली चाललेलं सगळंच आम्हाला पटतं असं मात्र नाही. शंभर जणांचा 'वेगळेपणा' एकाच कॅटलॉगमधून निघतो. तिसऱ्या महिन्यात पश्चात्ताप होणारी नावं कोरली जातात. आणि सुई स्वच्छ आहे की नाही हा प्रश्न खरा आहे, कावीळ सुईतून पसरते. टॅटू काढल्यावर किंवा टोचून घेतल्यावर वर्षभर रक्तदान करू नका असं सांगतात ते उगीच नाही. पण हा प्रश्न जत्रेतल्या यंत्रालाही विचारावा, आणि सोनाराच्या तारेलाही.

आम्हाला सर्वांत खटकतं ते वेगळंच आहे. 'गोंदण' हा शब्द आपल्याकडे कवितेत शोभतो, शांताबाई शेळक्यांच्या एका संग्रहाचं नावच ते आहे. शहरातल्या स्टुडिओत आता 'पारंपरिक गोंदण' म्हणून ठिपके आणि चंद्रकोर काढून मिळतात, पैसे मोजून. त्याच वेळी खेड्यातली एखादी शिकलेली मुलगी नोकरीच्या मुलाखतीआधी कपाळावरचे तेच ठिपके लेसरनं काढायला त्वचेच्या डॉक्टरांकडे बसलेली असते. एकीला ते गावठी दिसतात म्हणून नकोत, दुसरीला गावठी दिसतात म्हणून हवेत. पहिलीला ते लहानपणी मिळाले, दुसरीनं ते निवडले. दोघी एकमेकींना कधी भेटणार नाहीत. पण आपण जेव्हा ऐटीत म्हणतो की हे आपल्यात पूर्वीपासून होतंच, तेव्हा आपण दुसरीची बाजू लढवायला पहिलीला साक्षीदार म्हणून उभं करतो, आणि तिला एक शब्द बोलू देत नाही.

म्हणून त्या काकांना आज उत्तर द्यायचं झालं, तर त्यांच्या आईचा हात आम्ही मध्ये आणणार नाही. एवढंच म्हणू, की काका, पोरगी सज्ञान आहे, कातडी तिची आहे, दुखणार तिला आहे. तिला विचारा का काढलास, ती सांगेल. आवडलं नाही तर तसंही सांगा, बोलल्यानं काही अंगाला भोकं पडत नाहीत. आणि घरात अजून आजी असतील, तर त्यांनाही एकदा विचारा. त्यांना बहुतेक कुणी विचारलेलंच नसतं.

त्या आजींना आम्ही नाव विचारलं नाही, ते राहूनच गेलं. हातावर मात्र नाव होतं. एवढं पसरलेलं, की वाचता आलं नाही.

बरं, पंधरा मिनिटं आहेत. प्रश्न घेऊ या.