नाव ठाऊक असलेला वाचक : 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'च्या आस्वादाविषयी

कुमारांसाठी लिहिलेली एखादी अद्भुत कादंबरी साहित्याच्या अभ्यासकाला मनापासून आवडली, की त्या आवडीचे कारण तो बहुधा कादंबरीच्या बाहेर शोधू लागतो. वरवर ही जादूगारांची गोष्ट असली तरी आतून ती मनोव्यापारांचे किंवा नीतिविचाराचे रूपक आहे, असे एकदा दाखवून दिले म्हणजे आस्वादाचा संकोच नाहीसा होतो. उर्सुला ले ग्विन (१९२९–२०१८) यांच्या 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) ह्या कादंबरीच्या बाबतीत ही सोय आयतीच उपलब्ध आहे. गेड हा बुद्धिमान आणि गर्विष्ठ मुलगा प्रतिस्पर्ध्यापुढे आपले सामर्थ्य दाखवण्याच्या भरात मृतांच्या जगाचे दार उघडतो. त्यातून एक छाया बाहेर पडते. तो तिच्यापासून पळतो, पुढे तिचाच पाठलाग करतो आणि अखेरीस तिला आपली म्हणून स्वीकारतो. एवढे कथानक सांगितले की युंगचे नाव ओठांवर येतेच. १९७५ मध्ये 'द चाइल्ड अँड द शॅडो' हा लेख लिहून ले ग्विन यांनीही युंगच्या संकल्पनेचा ऊहापोह केला आहे. हा अन्वयार्थ चुकीचा नाही. परंतु त्याने कादंबरीचा अर्थ लागतो, तिच्या वाचनातून मिळणाऱ्या आनंदाचा उलगडा होत नाही. उत्तर कळलेले कोडे पुन्हा सोडवावेसे वाटत नाही. ही कादंबरी मात्र शेवट ठाऊक असतानाही पकड सोडत नाही.

हा आनंद उत्कंठेचाही म्हणता येत नाही. हा मुलगा पुढे महान जादूगार होणार आणि त्याच्यावर गीते रचली जाणार, हे निवेदक प्रारंभीच सांगून टाकतो. म्हणजे तो वाचणार की नाही, हा प्रश्न उरतच नाही. तोदोरोव्हने १९७० मधील आपल्या ग्रंथात अद्भुताचा गाभा म्हणून जी दोलायमानता सांगितली, घडते ते नैसर्गिक की अतिनैसर्गिक ह्याविषयीची, तिलाही इथे जागा नाही. अर्थसीच्या द्वीपसमूहात जादू आहे. तिच्याविषयी कोणी शंका घेत नाही.

शंकेची जागा इथे नियमाने घेतली आहे. अद्भुत म्हणजे कल्पनेचा स्वैर विहार, ही समजूत ह्या कादंबरीपुढे टिकत नाही. प्रत्येक वस्तूला आदिभाषेत एक खरे नाव असते आणि ते जाणणाऱ्याचीच त्या वस्तूवर सत्ता चालते. रोक बेटावरच्या विद्यापीठात त्यामुळे चमत्कारांपेक्षा पाठांतर अधिक. एका निर्जन मनोऱ्यात मुले वनस्पतींच्या, खाड्यांच्या, भूशिरांच्या नावांच्या याद्या पाठ करीत बसतात, आणि गंमत अशी की हे वाचताना कंटाळा येत नाही. (परीक्षेसाठी वृत्तांची लक्षणे घोकलेल्या मराठीच्या विद्यार्थ्याला तर हा प्रसंग परका वाटू नये.) खड्याला रत्न भासवणे सोपे आहे, त्याचे रत्न करणे म्हणजे जगाचा तोल बदलणे. कोलरिजच्या अविश्वासाच्या तहकुबीपेक्षा टॉल्किनला कल्पित जगाच्या आत निर्माण होणारा विश्वास महत्त्वाचा वाटला, तो अशा बंधनांमधूनच निर्माण होतो.

माणसालाही खरे नाव असते. ते देणारा आणि आणखी एखाददुसरा जिवलग सोडल्यास ते कोणाला सांगायचे नसते, कारण नाव ज्याच्या हाती त्याच्या हाती प्राण. गॉन्ट बेटावरच्या ह्या मुलाला लहानपणी डूनी म्हणत. व्यवहारात तो स्पॅरोहॉक. तेराव्या वर्षी ओगियन नदीच्या पाण्यात त्याचे खरे नाव त्याच्या कानात सांगतो : गेड. आता निवेदक काय करतो ते पाहावे. त्या क्षणापर्यंत त्याला डूनी म्हणणारा निवेदक पुढच्याच प्रकरणापासून त्याला सरळ 'गेड' म्हणू लागतो. सहाध्यायी, गावकरी, खलाशी ह्यांना आयुष्यभर जे कळणार नाही ते वाचकाला विनासायास मिळते, इतके विनासायास की आपल्याला काही मिळाले आहे हेही त्याच्या लक्षात येत नाही. नायकाचे नाव ही कादंबरीत वाचकाला मिळणारी सर्वांत स्वस्त माहिती. ले ग्विन यांनी तीच सर्वांत मौल्यवान करून ठेवली आहे. ह्या कादंबरीच्या आस्वादाचे मर्म इथे आहे. वाचक प्रेक्षक राहत नाही; त्याच्यावर विश्वास टाकला गेलेला असतो.

ह्या विश्वासाची किंमत कळते ती वेचच्या प्रसंगात. छायेने चेहरा फाडलेला, महागुरूच्या मृत्यूला कारण झालेला आणि स्वतःवरचा भरवसा गमावलेला गेड रोकवर एकटा पडला असताना, निरोप घेताना त्याचा मित्र वेच आपले खरे नाव त्याला सांगतो : एस्टारिऑल. सांत्वनाचे शब्द जवळजवळ नाहीत; नाव सांगितले, एवढेच. गेड आपले नाव परत देतो. वाचकाला ते आधीच ठाऊक आहे, म्हणून ह्या देवाणघेवाणीत तोही नकळत वेचच्या बाजूला उभा राहतो. आणि म्हणूनच ऑस्किलच्या बर्फाळ वाटेवर सोबतीचा माणूस अचानक वळून 'गेड' अशी हाक मारतो, तेव्हा दचकायला होते. छाया त्या माणसाच्या देहात शिरली आहे, हे भय आहेच. त्याहून खोल भय हे, की जे नाव गेडच्या जिवलगांना आणि वाचकालाच माहीत असायला हवे ते तिला कसे कळले? शेवटच्या प्रकरणात समुद्राची वाळू होते आणि गेड व छाया एकाच वेळी एकच नाव उच्चारतात, तेव्हा उत्तर मिळते. जे नाव गेड देशोदेशी शोधत होता ते वाचक पहिल्या प्रकरणापासून उच्चारत आला होता. युंगवादी अन्वयार्थ हे ऐक्य सांगू शकतो. उत्तर इतका वेळ आपल्याच हातात होते ह्या जाणिवेचा सुखद धक्का त्याला सांगता येत नाही. हा प्रसंग नावेतून पाहणारा साक्षीदारही वेचच असावा, गेडचे नाव जाणणारा, हा योगायोग नव्हे.

मराठी वाचकाला इथे ओळखीच्या खुणा दिसतील : पत्रिकेतले जन्मनाव आणि हाक मारायचे नाव निराळे ठेवण्याची रीत, किंवा पतीचे नाव सरळ न घेता उखाण्यात गुंफण्याचा संकेत. परंतु साम्य फार ताणू नये. वारकरी परंपरेत नाम हे सर्वांचे, मोठ्याने घ्यायचे. त्याचे सामर्थ्य वाटल्याने वाढते. अर्थसीमध्ये ते लपवण्यात आहे. ह्या विरोधाचे भान असलेल्या वाचकाला वेचचे नाव सांगणे अधिकच धाडसाचे वाटेल.

सगळीच कादंबरी ह्या तोलाची नाही. टेरेनॉनच्या किल्ल्यातील मोहिनीचा प्रसंग साचेबंद आहे, आणि तिथे लेखणी घाईत असल्याचे जाणवते. त्याहून गंभीर उणीव स्त्रियांच्या संदर्भात आहे. रोकच्या विद्यापीठात फक्त मुलगे. बायकांची विद्या दुबळी आणि दुष्ट, अशा अर्थाची म्हण निवेदक लोकोक्ती म्हणून सांगतो आणि तिच्यापासून फारसे अंतर राखत नाही. गेडला पहिले मंत्र शिकवणारी मावशी तर कथेतून जवळजवळ पुसली जाते. वाचकावर टाकलेल्या विश्वासातच आस्वादाचे मूळ असेल, तर निवेदकाचा हा अविश्वासही आस्वादाला खुपणारच. तो बाहेरून लादलेल्या विचारसरणीचा आक्षेप ठरत नाही.

स्वतः लेखिकेलाही तो खुपला असावा. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'तेहानू'मध्ये त्या ह्याच बेटावर परतल्या. गेडला नाव देणाऱ्या ओगियनचे स्वतःचे खरे नाव पहिल्या कादंबरीत वाचकाला कधीच कळत नाही. तेवढा एक विश्वास निवेदकाने राखून ठेवला होता. बावीस वर्षांनी, मृत्युशय्येवरचा ओगियन ते तेनार ह्या विधवेला सांगतो. अंत्यविधीसाठी आलेल्या दोन जादूगारांपुढे ती ते नाव उच्चारते, आणि त्यांना पहिला प्रश्न पडतो तो ही बाई कोण, हा.