मुंबईचें 'टिफ्रॅक' : आद्यत्व व कालनिर्णय

हिंदुस्थानांतील पहिलें गणकयंत्र मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचें 'टिफ्रॅक' होय, असें विधान वारंवार वाचावयास मिळतें. तें जसेंच्या तसें स्वीकारतां येत नाहीं, असें आमचें मत आहे. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेंत १९५५ सालींच 'हेक-२ एम' हें अंकीय यंत्र इंग्लंडांतून येऊन दाखल झालें होतें. त्याचा मूळ आराखडा अँड्रू बूथ ह्यांचा. (त्याच संस्थेंत १९५३ सालीं समरेंद्रकुमार मित्र ह्यांनीं घडविलेलें यंत्र अंकीय नव्हे, म्हणून तें येथें बाजूस ठेवितों.) परदेशांतून आणविलेली पोथी व येथें लिहविलेली पोथी आपण एका सदरांत नोंदवीत नाहीं. आगमनाचा मान कलकत्त्याचा, अंकीय यंत्राच्या घडणीचा मुंबईचा.

ह्याहून मोठा घोटाळा सालाचा आहे. कोणी १९५६ लिहितो, कोणी १९६०, कोणी १९६२. तिन्ही सालें खरीं. मात्र १९५६ सालीं चाललें तें लहान प्रायोगिक यंत्र, पूर्ण यंत्र कामास लागलें तें १९६० च्या फेब्रुवारींत, आणि १९६२ सालीं पंडित नेहरूंनीं त्यास 'टिफ्रॅक' हें नांव दिलें. तेव्हां १९६० ची मिती घातलेल्या एखाद्या कागदांत हें नांव आढळलें, तर तो कागद मागाहून लिहिला कीं काय, हा संशय संग्राहकानें अवश्य घ्यावा.

कर्तृत्वाविषयींही असेंच. आर. नरसिंहन् ह्यांचें नेतृत्व निर्विवाद आहे. पण त्यांस एकट्यास जनक म्हणणें म्हणजे आज्ञापत्रावरील शिक्का पाहून कारकुनास विसरणें होय. सुमारें २,७०० निर्वात नळ्या व १२,५०० रोधक एका हातानें जोडले गेले नाहींत.

व्यापारी यंत्रांची शकावली तर स्वतंत्रच मांडिली पाहिजे. मुंबईंतच एस्सो ह्या तेल-कंपनीनें १९६१ सालीं 'आयबीएम १४०१' आणविलें. टिफ्रॅक ४० द्विमान अंकांचा एकेक शब्द धरून गणित करी. १४०१ एकेक अक्षर व आंकडा सुटा साठवी, आणि जमाखर्चास तेंच सोयीचें. ट्रान्झिस्टरांवर चालणाऱ्या ह्या यंत्राचें टिफ्रॅकशीं गोत्रही जुळत नाहीं. १९७४ सालीं एस्सोचा येथील व्यवहार राष्ट्रीयीकरणानें हिंदुस्थान पेट्रोलियमकडे गेला. त्या यंत्राचे करारनामे व छिद्रपत्रें शोधणारानें हा मालकीबदल लक्षांत ठेवूनच दप्तर धुंडाळावें.

बपेरा, जि. भंडारा