'गीताई' आणि प्रतिभेचे मुरणे

वर्धा शहरालगतच्या नालवाडी या गावी विनोबा भावे १९३२ च्या अखेरीस राहावयास आले. त्याच वर्षी त्यांची 'गीताई' प्रसिद्ध झाली होती. गीतेच्या सातशे श्लोकांचा हा समश्लोकी मराठी अनुवाद वाचताना प्रश्न पडतो : अशी रचना माणसाच्या मेंदूत घडते तरी कशी?

प्रतिभा उजव्या मेंदूत वसते, असा समज पालकांत आणि शिक्षकांत खोल रुजला आहे. शास्त्र त्याला दुजोरा देत नाही. नवे काही सुचते तेव्हा मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांतील अनेक भाग मिळून काम करतात. मार्कस राइकल यांनी २००१ साली वर्णिलेले एक जाळे आपण बाहेरच्या कामात गुंतलेले नसताना अधिक जागे असते; आठवणी आणि कल्पना जुळविण्यात त्याचा मोठा वाटा असतो. दुसरे जाळे लक्ष एकवटते, पारखते, नको ते गाळते. एरवी एक जागे झाले की दुसरे बहुधा मंदावते; सर्जनाच्या वेळी मात्र दोन्ही एकमेकांना साथ देतात.

'गीताई'च्या जन्मकथेत या दोन्ही क्रिया स्पष्ट दिसतात. विनोबांच्या आईला, रुक्मिणीबाईंना, संस्कृत गीता समजत नसे. मुलाने आणून दिलेला मराठी अनुवादही तिला अवघड गेला. मग तूच का करीत नाहीस, असे तिने विचारले. १९१८ साली ती वारली. लेखनास आरंभ झाला ७ ऑक्टोबर १९३० रोजी आणि समाप्ती ६ फेब्रुवारी १९३१ रोजी. लिहिण्यास चार महिने लागले. मुरण्यास बारा वर्षे! ग्रॅहम वॉलस यांनी १९२६ साली सर्जनाच्या चार पायऱ्या सांगितल्या : तयारी, मुरणे, सुचणे आणि पडताळणे. विनोबांनी चौथी पायरीही टाळली नाही. आश्रमातील एका लहान मुलीला त्यांनी 'गीताई' शिकवून पाहिली. तिला जेथे अडले तेथे शब्द बदलले.

या पडताळणीचे फळ भाषेत उतरले आहे. पांडित्याचा डौल नाही. शब्द घरातले, चाल सहज मुखोद्गत होणारी. तरी एक उणेही नोंदविले पाहिजे. मूळ श्लोकाचे माप सांभाळताना काही ठिकाणी अर्थ फार आवळला जातो. विनोबांनी बंधू शिवाजीराव यांच्यासह पुढे 'गीताई'चा शब्दार्थकोश तयार केला, तो अशा जागी हाताशी असावा.

नालवाडीत विनोबा तासन् तास सूत कातीत, आणि कातता कातताच शिकवीत. हाताला सवयीचे झालेले काम मनाला मोकळे सोडते, हा अनुभव शेतकऱ्याला, विणकराला आणि स्वयंपाकघरातील आईलाही आहे. आज आपण मुलांचा प्रत्येक क्षण शिकवणीने भरून टाकतो आणि मग, आमच्या मुलाला काही सुचतच नाही, अशी तक्रार करतो. मुरावयास अवकाशच दिला नाही, तर सुचणार कोठून?

मेंदूचे शास्त्र सर्जन कसे घडते हे सांगते. ते कोणासाठी घडते, हे सांगणे त्याच्या कक्षेत येत नाही. आईची मागणी नसती तर बारा वर्षांचे चिंतन कदाचित भाष्यग्रंथ झाले असते, 'गीताई' झाले नसते. आपल्याच परंपरेत फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' छापून निघाले १६१६ साली. परक्या भाषेचे सदतीस वर्षांचे श्रवण त्यामागे होते, आणि समोर होते येथले भाविक. प्रतिभा ही देणगी खरीच. परंतु ती सांभाळणाऱ्याला श्रम, धीर आणि कोणावर तरी प्रेम असावे लागते. मूल मंद आहे असा निवाडा दहाव्या-बाराव्या वर्षीच देणाऱ्या आपण वडीलधाऱ्यांनी ही बारा आणि सदतीस वर्षे ध्यानी ठेवावीत.