‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका नेमकी कुणासाठी?

मी राहतो अकोल्यात, क्लायंट अमेरिकेतला. त्यामुळे तिथल्या राजकारणावर चिडणं रोजचंच झालंय. मार्च २०२५मध्ये ट्रम्प यांनी स्मिथसोनियन संग्रहालयांतून ‘अयोग्य विचारसरणी’ हटवण्याचा आदेश काढला. त्यात कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या संग्रहालयाचाही उल्लेख होता. ते वाचून मी जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ पुन्हा उघडली. १८७३ सालचं हे पुस्तक जोतीरावांनी गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केलंय.

आधी वाटलं, जोतीरावांनी फारच भरवसा ठेवला. त्याच वर्षी लुइझियानातल्या कोलफॅक्समध्ये गोऱ्यांच्या जमावाने कित्येक कृष्णवर्णीयांना ठार मारलं होतं. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती.

पण अर्पणपत्रिका शेवटपर्यंत वाचली की लक्षात येतं, ती आपल्यालाच उद्देशून आहे. अमेरिकी लोकांचं कौतुक करून जोतीराव वळतात ते देशबांधवांकडे. शूद्रांना मोकळं करताना तुम्हीही हा कित्ता गिरवा, अशी त्यांची इच्छा आहे. आजची अमेरिका कितीही निराश करो, त्यांची ही मागणी शिळी होत नाही.

अमरावतीच्या अंबादेवीला मी लहानपणापासून जातोय. याच देवळात प्रवेश मिळावा म्हणून अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांना १९२७मध्ये लढा उभारावा लागला. नोव्हेंबरात अमरावतीत परिषद झाली, अध्यक्ष डॉ. आंबेडकर होते. घरी हे कधी निघालं नाही आणि मीही विचारलं नाही. कोलफॅक्स मात्र मला तपशिलासकट माहीत होतं.

तिकडे इतिहास पुसायला आदेश काढावा लागला. आमच्या घरात त्याचीही गरज पडली नव्हती.