सिंधुदुर्गाची छायाचित्रे : एक आक्षेप
नांदेड-लातूरच्या अभ्यासकाला सिंधुदुर्गाची पहिली ओळख बहुधा छायाचित्रातूनच होते. मालवणच्या किनाऱ्यावरून घेतलेल्या या चित्रांत पुढे पुळण, मध्ये पाणी व मागे तटाची रेघ दिसते. रचना रम्य खरी. परंतु १६६४ साली कुरटे बेटावर आरंभिलेल्या या दुर्गाचे मर्म तीत हरवते. महाद्वार बुरुजांच्या वळणात दडलेले आहे. खाऱ्या पाण्याने वेढलेल्या तटाआड दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. कंधारला खंदक खणावा लागला. येथे समुद्रच खंदक झाला. हा भेद दुरून घेतलेल्या एका चित्राने उमगत नाही. तट, द्वार व विहिरी यांची क्रमवार चित्रे स्थळ आणि भरती-ओहोटीची वेळ नोंदवून घेतली, तरच ती इतिहासाची साधने ठरतील. एरवी ती केवळ शोभाचित्रेच होत.