लवचिक सोलर पॅनल: छापील वॉटवर जाऊ नका

लवचिक सोलर पॅनल विकताना ते चटईसारखं वाकवून दाखवतात आणि 'कॅम्पिंगलाही चालेल, घराच्या बॅकअपलाही' असं सांगतात. पहिलं मला मान्य आहे, दुसरं नाही.

वजनाचा फायदा खराच. 100 वॉटचं काचेचं पॅनल साधारण सहा-सात किलो भरतं, लवचिक दोन-अडीच. पाठीवर वाहून नेताना हा फरक चांगलाच कळतो.

पण 100 वॉट हा आकडा सेलचं तापमान 25 अंश धरून मोजलेला असतो. हे पॅनल पत्र्याला चिकटवलं की खालून हवा लागत नाही. समजा, सेल 65 अंशांवर गेला. सिलिकॉनची पॉवर दर अंशाला साधारण 0.4 टक्के घटते. म्हणजे 40 अंशांत 16 टक्के गेली! शिवाय वर काच नाही, प्लास्टिकचा थर. वारंवार वाकवलं तर आतल्या पातळ सेलना तडे जातात, आणि ते डोळ्यांना दिसतही नाहीत.

तेव्हा कॅम्पिंगला जरूर न्या, पण फार वाकवू नका. घरासाठी मात्र काचेचंच घ्या आणि खाली हवा खेळायला जागा सोडा. गच्चीवरचं पॅनल रोज उचलायचं नसतं. मग हलकेपणाचे जादा पैसे कशाला मोजायचे?