एकट्याचे पान : विहारनगरीतील भोजनगृहांचे एक परीक्षण

१

वॉल्ट डिस्ने ह्यांनी आपल्या उद्यानाची जन्मकथा सांगताना एका बाकाचा उल्लेख केला आहे. सुटीच्या दिवशी लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये त्यांच्या दोन मुली मेरी-गो-राउंडवर बसत, आणि ते स्वतः जवळच्या बाकावर शेंगदाणे खात एकटेच बसून राहत. आईबाप व मुले ह्यांना एकत्र रमता येईल असे एखादे ठिकाण असावे, हा विचार तेथे बसल्या बसल्या आपल्या मनात आला, असे ते सांगत. १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथे डिस्नेलँड उघडले, ते ह्या विचारातून. पुढे १ ऑक्टोबर १९७१ रोजी फ्लॉरिडात वॉल्ट डिस्ने वर्ल्ड ही विस्तीर्ण विहारनगरी सुरू झाली आणि तिच्याबरोबरच कंटेम्पररी व पॉलिनेशियन ही दोन निवासी हॉटेलेही उघडली.

ह्या कथेतील विसंगती सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. एकट्याने बसून काहीतरी खाणाऱ्या माणसाच्या कंटाळ्यातून जे स्थळ निर्माण झाले, त्या स्थळी एकट्याने बसून खाणाऱ्यासाठी मात्र मूळ योजनेत जागा नव्हती. बाकावरचा माणूस कुटुंबात सामावला, आणि बाक योजनेतून वगळला गेला. तथापि माणसे एकटी येतच राहिली. कोरोनाडो स्प्रिंग्ससारख्या हॉटेलात परिषदांसाठी आलेले व्यावसायिक, ज्या ठिकाणी पूर्वी सहकुटुंब आलो तेथेच सहचराच्या मृत्यूनंतर पुन्हा येणारे वृद्ध, किंवा केवळ आपल्या आवडीने प्रवास करणारे स्त्रीपुरुष, अशा सर्वांना संध्याकाळी भूक लागते. अमेरिकेत एका माणसाची कुटुंबे १९६० साली एकूण कुटुंबांच्या सुमारे १३ टक्के होती. २०२० च्या जनगणनेत ते प्रमाण सुमारे २८ टक्के झाले. तेव्हा ह्या नगरीतील भोजनगृहे एकट्या पाहुण्याला कसे वागवतात, हा प्रश्न क्षुल्लक राहिलेला नाही. सर्वांचे स्वागत आहे असे म्हणणाऱ्या स्थळाची परीक्षा, जो त्याच्या कथेत बसत नाही त्याच्या ताटावरूनच घ्यावी लागते.

२

डिस्नेच्या ह्या विहारस्थळांवर विचारवंतांनी पुष्कळ लिहिले आहे. लुई मारँ ह्यांनी १९७३ साली डिस्नेलँडच्या नकाशात एका विकृत आदर्शनगराची मांडणी पाहिली. उम्बेर्तो एको ह्यांनी १९७५ च्या आपल्या निबंधात अस्सलापेक्षा अधिक अस्सल भासणाऱ्या नकलेचे विश्लेषण केले. झाँ बोद्रियार ह्यांनी १९८१ मध्ये ह्या नकलेच्या आड उरलेली अमेरिकाच लपली आहे असा सिद्धान्त मांडला. अ‍ॅलन ब्रायमन ह्यांनी २००४ साली तेथील सेवकाच्या हसतमुखपणाचा, म्हणजे श्रमाच्या अभिनयरूपाचा विचार केला. ह्या सर्वांची दृष्टी दर्शनी भिंतीवर, रांगेवर व सेवकाच्या मुद्रेवर खिळलेली आहे. मेजाकडे, आणि त्या मेजाशी किती खुर्च्या मांडल्या आहेत ह्या साध्या गोष्टीकडे, ती फारशी वळलेली नाही.

एकटे जेवण्याविषयी ज्यांनी लिहिले त्यांचा कल वेगळा आहे. एम. एफ. के. फिशर ह्यांच्या १९४९ सालच्या 'अ‍ॅन अल्फाबेट फॉर गुर्मेज' ह्या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण एकट्याच्या भोजनावर आहे. तेथे हा प्रश्न व्यक्तीच्या आत्मसन्मानाचा व शिस्तीचा मानलेला दिसतो: आपले ताट आपणच आदराने मांडावे, म्हणजे एकटेपण सुसह्य होते. ही भूमिका उमदी खरी, पण अपुरी आहे. तिच्यात सारा भार जेवणाऱ्यावर पडतो. मेज कोणी व कोणासाठी घडविले, हा प्रश्न सुटून जातो.

ह्या दृष्टीने अर्व्हिंग गॉफमन ह्यांनी १९७१ साली केलेला भेद अधिक उपयोगी पडतो. सार्वजनिक जागी माणूस एकतर 'एकटा' असतो किंवा 'सोबतीतला' असतो. सोबतीतल्याला तेथे असण्याचे कारण सांगावे लागत नाही, एकट्याला मात्र आपल्या उपस्थितीचा हेतू सतत दाखवीत राहावे लागते. एकटा जेवणारा हातात पुस्तक धरतो ते बहुधा ह्याचसाठी. म्हणजे एकट्याची अस्वस्थता ही स्वभावाची दुर्बलता ठरत नाही. त्या जागेने त्याला काही भूमिका दिलेली नसल्यामुळे ती उत्पन्न होते. ज्या भोजनगृहात अशी भूमिका जागेच्या रचनेतच अंतर्भूत असते, तेथे पुस्तकाची ढाल लागत नाही. हेच सूत्र पुढील परीक्षणात कसोटी म्हणून वापरता येईल.

३

मराठी वाचकाला हा भेद स्वतःच्या शब्दांनीही समजू शकतो. पंगतीत मोजणी पानांची होते. दहा पाने मांडली काय किंवा अकरा मांडली काय, पंगतीचा आकार बिघडत नाही. एकटा आलेला माणूस अकराव्या पानावर बसतो आणि त्याच्या शेजारी कोण आहे हे कोणी विचारीत नाही. पंगतीत भेद पुष्कळ झाले, परंतु ते जातीचे व मानाचे होते. संख्येचा भेद तिने केला नाही. मेजावर बसण्याच्या पद्धतीत मात्र मोजणी मेजांची होते. लहानात लहान मेज बहुधा दोघांचे असते. तेथे एकटा बसला की एक खुर्ची रिकामी दिसते आणि ती खुर्चीच त्याचे एकटेपण सर्वांना सांगते. व्यवस्थापकाच्या हिशेबातही ती खुर्ची तोट्याची असते. ह्या नगरीत मेजाचे आरक्षण साठ दिवस आधी करता येते, आणि त्या आरक्षणात अगदी आरंभीच विचारले जाते ते, मेज किती जणांसाठी हवे. एकट्याच्या अडचणीचा प्रारंभ असा मेजापाशी पोहोचण्यापूर्वीच होतो.

पॉलिनेशियन हॉटेलातील 'ओहाना' हे भोजनगृह ह्याचे ठळक उदाहरण होय. 'ओहाना' ह्या हवाई शब्दाचा अर्थच कुटुंब असा आहे. पदार्थ मोठ्या थाळ्यांतून मेजावर येतात, सर्वांनी ते वाटून घ्यावयाचे असतात, संपले की पुन्हा येतात, आणि किंमत दर माणशी ठरलेली असते. म्हणजे हिशेब पानाचा आहे, वाढप मात्र मेजाचे आहे. एकट्या पाहुण्यावर येथे किमतीचा अन्याय होत नाही. त्याला खटकते ते वाटून घेण्याचे रूप. कारण ज्या क्रियेवर त्या जेवणाचा सारा अर्थ उभा आहे ती क्रियाच त्याला करता येत नाही.

ह्याच्या उलट प्रकार 'सना' ह्या भोजनगृहात आढळतो. अ‍ॅनिमल किंग्डम लॉजच्या किडानी व्हिलेज विभागात २००९ साली सुरू झालेल्या ह्या भोजनगृहात आफ्रिकी व भारतीय पाकपद्धतींचा मिलाफ केलेला आहे. तेथील प्रसिद्ध पदार्थ म्हणजे रोट्यांचा थाळा: नान, कुलचा, पनीर पराठा असे पाच प्रकार आणि त्यांच्यासोबत काकडीचे रायते, आंब्याची, चिंचेची व कोथिंबिरीची चटणी, लसणाचे लोणचे अशी एकंदर नऊ तोंडीलावणी. भारतीय पाहुण्याला ही नावे ओळखीची वाटतात, पण मांडणी ओळखीची वाटत नाही. आपल्याकडे तोंडीलावणे पानाच्या डाव्या बाजूला थोडेथोडे वाढलेले असते. ते प्रत्येकाचे असते. येथे तेच मेजाच्या मध्यभागी, सर्वांच्या मालकीचे म्हणून येते. एकट्याने संपूर्ण थाळा मागवला तर त्याला चार जणांचे अन्न समोर घेऊन बसावे लागते. तरीही 'सना' एकट्याला सुखाचे वाटते, ह्याचे कारण थाळ्यात सापडत नाही. ते खिडकीत सापडते. खिडकीबाहेर गवताळ मैदान आहे आणि त्यावर जिराफ व झेब्रे चरत असतात. त्या खिडकीपाशी बसलेला प्रत्येक माणूस, मग तो एकटा असो वा दहा जणांसह, प्रथम प्रेक्षक असतो. नजरेला विसाव्याची जागा मिळाली की समोरची रिकामी खुर्ची आपोआप दुय्यम ठरते.

४

येथे ह्या नगरीचा एक अनपेक्षित गुण दृष्टीस पडतो. देखाव्याच्या ज्या अतिरेकावर टीकाकारांनी बोट ठेवले, तोच देखावा एकट्या पाहुण्याला आधार देतो. कंटेम्पररी हॉटेलच्या पंधराव्या मजल्यावर १९९५ पासून 'कॅलिफोर्निया ग्रिल' आहे. तेथून मॅजिक किंग्डमवरचे रात्रीचे दारूकाम दिसते. त्या वेळी आतले दिवे मंद होतात आणि सर्व मेजांवरची संभाषणे थांबतात. त्या काही मिनिटांपुरता एकटा व सोबतीतला हा भेद नाहीसा होतो, कारण कोणीच कोणाशी बोलत नसतो.

दारूकाम मिनिटांत संपते. चूल मात्र जेवण संपेपर्यंत जळत राहते. म्हणून अ‍ॅनिमल किंग्डम लॉजमधील, २००१ साली सुरू झालेल्या 'जिको' ह्या भोजनगृहाची रचना अधिक विचारणीय आहे. स्वाहिली भाषेत 'जिको' म्हणजे चूल. भिंतीवर बदलत्या रंगांचा सूर्यास्त आहे, लाकडावर चालणाऱ्या भट्ट्या खुल्या ठेवल्या आहेत, आणि त्या खुल्या स्वयंपाकघरासमोर काउंटरलगत बसण्याची जागा आहे. काउंटरला समोरची खुर्ची नसते. त्यामुळे ती रिकामीही राहत नाही. तेथे मोजणी पुन्हा पानांची होते. काउंटर ही खरे पाहता एका बाजूने मांडलेली पंगतच होय, फरक इतकाच की वाढणारा समोर उभा असतो. चुलीसमोर बसून जेवणाऱ्याला भूमिका सहजच मिळते: तो स्वयंपाक पाहणारा असतो, आणि स्वयंपाक पाहण्यासाठी सोबतीची गरज नसते.

दुसरा उपाय शेजार जोडून देण्याचा. एपकॉट हे उद्यान १ ऑक्टोबर १९८२ रोजी उघडले तेव्हापासून त्याच्या जपानी विभागात लोखंडी तव्याभोवतीचे भोजन आहे; त्याला २००७ पासून 'तेप्पान एदो' हे नाव आहे. मोठ्या तव्याभोवती आठ आसने, मध्ये आचारी, आणि निरनिराळ्या गटांतली माणसे एकाच तव्यापाशी बसवण्याची रीत. जर्मन विभागातील 'बियरगार्टन'मध्येही लांब मेजे अशीच अनोळखी माणसांत वाटून घेतली जातात. पाळण्यांच्या बाबतीत हे तत्त्व उद्यानाने आधीच मान्य केले आहे. 'एक्स्पिडिशन एव्हरेस्ट'सारख्या गाड्यांसाठी एकट्यांची निराळी रांग असते. गाडीत जे आसन रिकामे उरते ते एकट्याला मिळते. तेथे एकटेपण अडचणीचे ठरत नाही, उलट सोयीचे ठरते, कारण गाडीची मोजणी आसनांनी होते. भोजनगृहात हेच तत्त्व तव्यापाशी व काउंटरपाशी तेवढे पोहोचले आहे. मेजापर्यंत ते आलेले नाही.

५

ह्यावर एक आक्षेप येऊ शकतो. एकट्यासाठी बार आहेच. तेथे आरक्षण बहुधा लागत नाही, बसावयास स्टूल आहे आणि खाणेही मिळते, मग तक्रार कशाची? हा आक्षेप अर्धसत्य आहे. बारचे उंच स्टूल वृद्धाला किंवा गुडघे दुखणाऱ्याला सोसत नाही. मद्य न घेणाऱ्याला तेथे पुन्हा आपल्या उपस्थितीचे कारण दाखवावे लागते, आणि एकट्या स्त्रीला शेजाऱ्याच्या नको असलेल्या आस्थेला तोंड द्यावे लागते. शिवाय, एकट्याला नेहमीच बारकडे पाठवणे म्हणजे त्याला जेवणाच्या दालनाबाहेर बसवणे होय. सोय आणि समावेश ह्यांत अंतर आहे. चुलीसमोरचा काउंटर दालनाच्या आत असतो, बार बहुधा त्याच्या उंबरठ्यावर असतो. हे अंतर आराखड्यात काही हातांचे दिसले, तरी अर्थाच्या दृष्टीने ते फार मोठे आहे.

सेवकाच्या अभिनयाविषयीही असाच विवेक करावा लागतो. वाइल्डरनेस लॉजमधील 'व्हिस्परिंग कॅन्यन कॅफे' हे थट्टामस्करीबद्दल प्रसिद्ध आहे. तेथे कोणी केचप मागितले की त्याभोवती साऱ्या दालनाचा गमतीचा खेळ होतो. कुटुंबात ही थट्टा सहा जणांत वाटली जाते व हलकी होते. एकट्यावर ती पूर्ण वजनाने पडते. म्हणून एकट्या पाहुण्याशी वागताना वेटरचे कौशल्य थट्टा वाढवण्यापेक्षा ती मोजून देण्यात दिसते. समोरच्या जागेवर मांडलेले दुसरे काटेचमचे त्याने न बोलता, न घाई करता उचलले, तर त्या एका कृतीने मेज दोघांचे राहत नाही. ते एकट्याचे होते. 'फक्त एकच का?' हा प्रश्न विचारला गेला, तर तेच मेज पुन्हा दोघांचे होऊन बसते.

६

ह्या विवेचनावरून इतके म्हणता येईल की एकट्याच्या भोजनसुखाचे मूळ त्याच्या धीटपणात शोधणे योग्य नव्हे. ते तीन गोष्टींत आहे: मोजणी पानाची की मेजाची, नजरेला विसावा आहे की नाही, आणि सेवकाची आस्था पाहुण्याच्या प्रमाणात आहे की प्रयोगाच्या. ह्या तिन्ही कसोट्यांवर 'जिको'चा काउंटर व 'तेप्पान'चा तवा उतरतात. 'सना'ची खिडकी थाळ्याची उणीव बरीचशी भरून काढते. 'ओहाना' आपल्या नावाला जागते आणि त्यामुळेच एकट्याला बाहेर ठेवते. कुटुंबासाठी रचलेल्या स्थळाने कुटुंबाचे कौतुक करावे ह्यात गैर काही नाही. परंतु कुटुंब ही सोबतीची एक रीत आहे, सोबतीची व्याख्या नव्हे.

ग्रिफिथ पार्कमधील त्या बाकांपैकी एक बाक आज अनाहाइमच्या डिस्नेलँडमध्ये स्मारक म्हणून ठेवलेला आहे. लोक त्याच्यापुढे क्षणभर उभे राहतात आणि आत कुटुंबांच्या गर्दीत मिसळतात. त्या बाकावर एकेकाळी एक माणूस एकटा बसून खात होता, आणि तो दुःखीच होता असे मानण्याचे कारण नाही: मुली त्याच्या नजरेसमोर फिरत होत्या, आणि बाकावर त्याच्यासमोर रिकामी खुर्ची नव्हती.